फाट्यावरचं टिंब

माझ्या मोबाइलवर मॅपवाल्यांचा एक संदेश यायचा. तुमच्या योगदानाबद्दल आभार, मात्र तुम्ही सुचवलेल्या बदलाची आम्हाला खात्री करता आली नाही. भाषा गोड, लग्नपत्रिकेसारखी. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा खात होते. दुसऱ्यांदा आला तेव्हा डबा तसाच बंद करून ठेवला. पुढे पुढे तो नुसता आला तरी तळपायाची आग मस्तकात जायची. ज्या गावात मी जन्मले, जिथल्या हातपंपाचा दांडा लागून माझा पुढचा दात पडला, ते गाव जिथे आहे तिथेच आहे याची म्हणे खात्री करता येत नाही. कोणाला, तर ज्याने ते कधी पाहिलेलं नाही त्याला.

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. हा राग तर अजून गेलेला नाही. म्हणून आधी नीट सांगते.

मी शहापुरात एका शाळेत मराठी शिकवते. माहेर मुरबाड तालुक्यातलं. किन्हवली, सरळगाव करत टोकावड्याच्या पुढे गेलं की माळशेजच्या रस्त्याला एक फाटा लागतो. गाव तिथे नाही. गाव आत आहे. डोंगराच्या खांद्याला वळसा घालायचा, ओढा ओलांडायचा, चढ चढायचा, मग कौलं दिसायला लागतात. पायी निघालेला माणूस वाटेत एकदा तरी टेकतोच.

आमच्या गावात पाहुणा एकटा येत नाही. कधीच आला नाही. कोणीही यायचं असलं की घरातला एक माणूस फाट्यावर जाऊन उभा राहतो. तिथे एक जांभळीचं झाड होतं आणि झाडाखाली एक सपाट धोंडा, पिढ्यान् पिढ्या बसून बसून गुळगुळीत झालेला. एसटीला उशीर झाला तर धोंड्यावर बसायचं. पाहुणा उतरला की त्याच्या हातातलं ओझं काढून घ्यायचं आणि पुढे चालायला लागायचं. सोयरीक बघायला आलेले, कीर्तनकार, नवीन मास्तर, लायनीचं काम करायला आलेला वायरमन, सगळे असेच आले. माझा नवरा मला बघायला आला तेव्हा दादाने त्याच्या हातातली छत्रीसुद्धा काढून घेतली होती. नवरा अजून ते सांगतो. घरात कोणी येणार असलं की तांदूळ निवडता निवडता आई पहिला प्रश्न विचारायची, फाट्यावर कोन गेलंय? त्यामुळे आमच्या गावाच्या नावाची पाटी कुठेच लागली नाही. कोणाला तिची गरजच पडली नाही.

मग फाट्यालगतची जमीन गेली. कोणी विकली आणि कशी विकली तो वेगळा राग आहे, तो इथे काढत नाही. तिथे बंगल्यांची स्कीम आली. उंच भिंत आली, कमान आली, कमानीवर दिवे आले. जांभूळ भिंतीच्या आत गेली. धोंडा जेसीबीने ढकलून बाहेर गटाराच्या कडेला टाकला. गावाकडे जाणारा आमचा रस्ता आता भिंतीला चिकटून जातो आणि नवख्याला वाटतं, ही स्कीमची मागची गल्ली असेल. आत गवताचे गालिचे आहेत, गुळगुळीत फरशीचं एक छोटं देऊळही आहे. गावातल्या बायका तिथे बागकामाला जातात. माझी वहिनीही जायची.

त्या दिवशी भाताची झोडणी चालू होती. सगळं गाव खळ्यावर. आईला दमा आहे, झोडणीची धूळ उडाली की वाढतो, म्हणून तिला घरात बसवून वहिनी तिच्यापाशी थांबली होती. दुपारी आईचा श्वास अडकला. नेहमीचा पंप ओढला, फरक पडला नाही. ओठ काळेनिळे व्हायला लागले. ओटीच्या ज्या एका कोपऱ्यात रेंज येते तिथे उभं राहून वहिनीने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला आणि गावाचं नाव सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, गाव मॅपवर दिसतंय, गाडी निघाली.

एरवी वहिनीने पहिलं काम काय केलं असतं, तर हाक मारून कोणाला तरी फाट्यावर पिटाळलं असतं. त्या दिवशी नाही केलं. गाव दिसतंय म्हणाले म्हणजे दिसत असेल, असं तिला वाटलं. आईला सोडून खळ्यावर धावत जायची तिची छाती होईना.

गाडी आली. वेळेत आली. आणि कमानीसमोर उभी राहिली, कारण मॅपवर आमच्या गावाच्या नावाचं टिंब त्या कमानीवर होतं. ड्रायव्हरने वहिनीला फोन केला, "आम्ही गावात पोचलोय, घर कुठलं?"

वहिनी म्हणाली, "देवळाच्या मागलं. लवकर या."

देऊळ तर आत होतं. त्याने वॉचमनला गेट उघडायला लावलं, गाडी आत घेतली आणि देवळामागच्या बंगल्याची बेल दाबली. बंगला रिकामा, हे त्यानेच मला नंतर सांगितलं. त्याने शेजारची दाबली. पुन्हा फोन केला तर रेंज गेलेली. इकडे वहिनी गाडीची वाट बघून बघून शेवटी ओरडत खळ्याकडे धावली. दादाने गवताच्या पेंढ्या वाहायचा शेजाऱ्यांचा पिकअप आणला, आईला पुढे बसवलं आणि खाली निघाला. भिंतीच्या या बाजूने माझी आई गुदमरत चालली होती आणि त्या बाजूला ऑक्सिजन घेऊन गाडी तिलाच शोधत फिरत होती. दादाला भिंतीवरून गाडीचा वरचा दिवा दिसला म्हणे. त्याला वाटलं, बंगल्यात कोणी आजारी पडलं असेल.

आई वाचली. मुरबाडला डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि स्पष्ट सांगितलं की पुढच्या वेळी ऑक्सिजन दारात पोचला पाहिजे. तशी सोय होत नसेल तर यांना तिकडे ठेवू नका.

मी आईला शहापुरात घेऊन आले. तिला यायचं नव्हतं. भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरायचे असतात, ते कोण बघणार, हे तिने दवाखान्याच्या खाटेवरून विचारलं होतं. मी म्हटलं, "आई, मॅपवर गावाची खूण चुकीच्या जागी आहे. ती मी बरोबर करून घेते. ती बरोबर झाली की मी स्वतः तुला घरी सोडते." तिने मॅप हातात घेऊन बघितला. बोटाने ते लाल टिंब दाबलं, जसं काही दाबल्याने सरकेल.

"एवढंच हलवायचं ना?" ती म्हणाली.

"एवढंच."

मला तेव्हा खरंच वाटलं होतं की एवढंच आहे. त्या मॅपवर तशी सोय असते. तुमच्या भागाची माहिती द्या, आपल्या लोकांना मदत करा, असं तो सारखा सांगतो. मी दिली. गावाची खरी जागा दाखवली, शाळेचा फोटो टाकला, गावदेवीचा टाकला. उत्तर काय आलं ते वर सांगितलंच आहे. बरं, त्याच आठवड्यात स्कीमने आपल्या नव्या जलतरण तलावाची खूण टाकली ती तत्काळ झळकली, शेजारी पोहणाऱ्या बाईचं चित्रसुद्धा. पाणी भरलं नव्हतं त्यात अजून. आणि मला तो मॅप बक्षीस म्हणून गुण देत होता. आमच्या गावाची खूण नाकारायची आणि वर मला सांगायचं की तुमची पातळी वाढली, अभिनंदन. असला संताप मला वर्गातल्या कोणत्याही पोराने आणलेला नाही.

आई आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसायची. आणलेली पिशवी तिने सोडली नव्हती. रोज त्यातून लुगडं काढायची, धुतलेलं परत घडी करून त्यातच ठेवायची. मी शाळेतून आले की विचारायची, "हललं का गो टिंब?"

"नाही."

"बरं," म्हणायची. तिच्या त्या 'बरं'ने माझा जीव जायचा.

शेवटी एका रविवारी मी स्कीमच्या ऑफिसात गेले. तिथला मॅनेजर तरुण, इस्त्रीचा शर्ट, वागणं अदबीचं. मी भांडायच्या तयारीने गेले होते आणि त्याने मला थंड पाणी दिलं. म्हणाला, "मॅडम, आम्ही काय केलंय? टिंब आम्ही ठेवलं, मान्य. पण ते बरोबर आहे असं तुमच्याच लोकांनी सांगितलंय. एकाने नाही, सगळ्यांनी." त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. मॅप येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, हे ठिकाण इथेच आहे का? आमच्या लोकांनी उत्तरं दिली होती. खाली चांदण्या दिल्या होत्या, जांभळीचे फोटो टाकले होते. एका फोटोसोबत दादाचा चेहरा होता. मुलीच्या लग्नातला, फेट्यातला. त्याने आपल्या हाताने सांगितलं होतं की होय, आमचं गाव इथेच आहे.

मी ते पाणी प्याले नाही. तिथून उठले आणि सरळ वर गावात गेले.

ओटीवर दादा होता, वहिनी होती, शेजारची म्हातारी काकी नेहमीप्रमाणे उंबऱ्याला टेकून बसली होती. माझा आवाज ऐकून आणखी चार माणसं जमली. मी विचारलं, हे कोणी करायला सांगितलं होतं? तर स्कीमच्या उद्घाटनाला गावजेवण होतं. ऑफिसातली एक मुलगी पंगतीत फिरून सगळ्यांचे मोबाइल घेऊन दाखवत होती. हे तुमचंच गाव ना, मग इथे हो दाबा, गावाचं नाव मोठं होईल.

"आणि तुम्ही दाबलंत," मी म्हटलं.

"दाबलं," दादा म्हणाला. "त्यात खोटं काय गो? फाट्यावर आला मानूस की गावात आलाच ना? तिथनं तर आपन आनतोच."

 तो थट्टा करत नव्हता. त्याला मनापासून तसंच वाटत होतं आणि आजूबाजूचे सगळे माना हलवत होते. जन्मभर यांनी हेच केलं होतं. फाट्यावर आपला माणूस उभा, म्हणजे फाटा हेच गावाचं दार. दारात उभं राहून कोणी विचारलं, हे तुमचंच घर का, तर हो म्हणायचं नाही तर काय म्हणायचं. जगात दुसऱ्या कुठल्या गावाने ही चूक केली नसती. आमच्याच गावाने केली.

"दादा, तू आणतोस," मी म्हटलं. "मोबाइल आणत नाही. मोबाइल फाट्यावर सोडून देतो आणि म्हणतो, आलं गाव."

काकी म्हणाली, "मंग आदी फोन कर म्हनावं त्याला. आमी येऊ की न्यायला."

कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मी तिथे जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुम्ही तुमच्या हाताने गाव उचलून त्यांच्या कमानीत नेऊन ठेवलंत, म्हटलं. जेवणावारी दिलंत, म्हटलं. आईचा जीव जात होता तेव्हा तुमच्या या 'हो'ने गाडी भिंतीच्या आत फिरवली, म्हटलं. दादाचा चेहरा उतरला. भिंतीपलीकडे दिसलेला तो दिवा आईसाठीच होता हे तोवर त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं. आता सांगितलं, चार माणसांत, ओरडून.

तो उठून गोठ्याकडे गेला.

मी बाकीच्यांना म्हटलं, सगळ्यांनी मोबाइल काढा आणि हे ठिकाण चुकीचं आहे असं सांगा. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. घराघरातली बाई स्कीमवर कामाला. मॅनेजरला कळलं तर? एकजण म्हणाला, "पुढल्या वर्साला बघू." दुसऱ्याचा मोबाइल नेमका चार्जिंगला होता.  ज्यांच्या बारशा-लग्नांत मी राबले, ती माणसं अंगणातल्या कोंबड्या बघत उभी होती.

तेवढ्यात वहिनी आतून आपला मोबाइल घेऊन आली. स्क्रीनला तडा गेलेला. माझ्या हातात दिला नाही. म्हणाली, "कुठं दाबायचं ते नुसतं सांगा, ताई."

"तुझं काम जाईल गो," काकी म्हणाली.

"त्या दिवशी मी एकटी व्हते," वहिनी म्हणाली. "आत्याबाईंचं डोकं मांडीवर घेऊन, गाडी येतेय, गाडी येतेय सांगत व्हते त्यांना. मला खोटं पाडलंय त्या टिंबानं." आणि तिने दाबलं.

मग एकेकाने दाबलं. चार्जिंगचा मोबाइलही निघाला.

तिचं काम आठवडाभरात गेलं. काढून नाही टाकलं. उद्या येऊ नका, सांगतो, एवढंच म्हणाले आणि सांगितलंच नाही. मॅनेजर पुन्हा भेटला तेव्हा मला नमस्कार करून म्हणाला, मॅडम, बागेचं काम सध्या कमी आहे. भिंतीआड दहा बायका गवत कापत होत्या, मला त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. अदबीने वागणाऱ्या माणसाला कसं बोलावं हे मला आजवर जमलेलं नाही, आणि त्याचाही मला राग येतो.

तरीही नुसतं चूक आहे म्हणून भागणार नव्हतं. बरोबर काय तेही दाखवायला हवं होतं. पुढच्या रविवारी मी मोबाइलवर रस्त्याची नोंद चालू करून फाट्यापासून चालायला लागले. दादा आला. बोलावलं नव्हतं. धोंड्यापाशी उभा होता. त्याने माझी पर्स घेतली, खांद्याला अडकवली आणि पुढे चालू लागला. बायकांची पर्स खांद्याला लावलेला दादा बघून एरवी मी हसून हसून लोळले असते.

वाटेत तो प्रत्येक ठिकाणी थांबायचा. ही ओढ्यावरची मोरी टाक. हा वड टाक, इथं वळन हाय, रातचं गाडीवाल्याला कळत नाय. ही शाळा. हा हातपंप. मी फोटो काढत गेले, नावं घालत गेले. घरांपाशी लोक बाहेर येऊन विचारायचे, आमचं आलं का? गावदेवीच्या वरच्या अंगाला, झाडीत, उन्हाळ्यातही न आटणारा झरा आहे. मी तिकडे वळले तर दादाने पहिल्यांदाच नाही म्हटलं.

"तो नको."

"का?"

"तो मोबाईलात गेला की रविवारी गाड्या येतील. साबन लावून बसतील त्यात."

मी मोबाइल खाली केला. त्या सबंध दिवसात आमचं एकमत झालं ते तेवढ्या एका गोष्टीवर.

त्यानंतर शाळा मॅपवर आली. मग मोरी आली, रस्ता आला, बारीक पांढरी रेघ. गावाचं टिंब हलेना. कोणीतरी सुचवायचं, पुन्हा कोणीतरी परत फिरवायचं. एकदा ते ओढ्यापर्यंत आलं आणि चार दिवसांनी परत कमानीत गेलं. आई विचारायची, हललं का? मी म्हणायचे, हललं होतं, परत गेलं. ती म्हणायची, "मंग त्याला धरून ठेवायला पाहिजे व्हतं." आणि गॅलरीतून खालच्या रस्त्याकडे बघत बसायची. एकदा मी घरी आले तर ती गॅलरीत नव्हती. घरात नव्हती. मी धावत खाली आले. ती गल्लीच्या कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. माझी मावसबहीण यायची होती म्हणून तिला घ्यायला उभी होती. दोन जिने उतरून, धापा टाकत. मी तिला तिथेच, रस्त्यात, ओरडले. म्हटलं, तिला पत्ता माहीत आहे, तिच्याकडे मोबाइल आहे, आता कोणाला कोणाला घ्यायला जायची गरज नसते. दुकानदार दुसरीकडे बघायला लागला. आई पायरीवरून उठली. जिना चढताना माझा हात मात्र तिने धरला नाही.

टिंब हललं ते वाल तयार झाले तेव्हा. मी स्टाफरूममध्ये होते. तुमचा बदल स्वीकारला गेला आहे. मी मॅप उघडला. गाव गावात होतं. दोन दिवस तसंच राहिलं, आठ दिवस राहिलं. मी ओळखीच्या एका रिक्षावाल्याला नुसतं गावाचं नाव टाकून बघायला सांगितलं, त्यालाही मॅप थेट देवळामागे नेत होता, आमच्या देवळामागे.

"आई, हललं," मी म्हटलं. "आता धरून ठेवलंय."

तिने पिशवीला गाठ मारली. ती भरलेलीच होती.

रविवारी मी गाडी काढली. मुद्दाम मोबाइल समोर लावला, आवाज मोठा ठेवला. मला तो आवाज ऐकायचा होता. इतक्या महिन्यांचा राग त्या आवाजातून वसूल करायचा होता. किन्हवली गेली, सरळगाव गेलं, टोकावडं गेलं. फाटा जवळ आला तशी मोबाइलमधली बाई म्हणाली, पुढे डावीकडे वळा. कमानीसमोर थांबा असं म्हणाली नाही. त्या दिव्यांकडे बघून मी जे हसले ते चांगलं हसू नव्हतं.

"थांबव," आई म्हणाली.

मी गाडी बाजूला घेतली. ती दार उघडून उतरली. भिंतीलगत, गटाराच्या कडेला, आमचा तो धोंडा होता. रिकामा. आईने रस्त्याकडे बघितलं, वळणाकडे बघितलं, आणि धोंड्यावर जाऊन बसली.

"कोन नाय आलं," ती म्हणाली.

"आई, आता गरजच नाही. हा बघ, मोबाइल थेट दारापर्यंत नेतो."

"तुझा मोबाईल काय माझा कोन लागतो?"

"अगं, यासाठीच तर एवढं सगळं केलं ना?"

"तू गाडीसाठी केलंस. दवाखान्याच्या. चांगलं केलंस." तिला धाप लागली होती, ती थांबली. "मी काय दवाखान्याची गाडी हाय? इतक्या दिवसांनी घरला आले, न्यायला मानूस नाय."

"मी आहे ना."

"तू सोडाया आलीस. न्यायला घरचं मानूस येतं."

मी दादाला फोन लावला. तो ओढ्याच्या वरच्या शेतात होता. मी म्हटलं, फाट्यावर कोणी कसं नाही? तो म्हणाला, "टिंब बरोबर झालं ना आता? तूच आईला बोललीस म्हनं, मानूस कशाला पायजे." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी फोन बंद केला. माझ्या गाडीतून ती बाई पुन्हा पुन्हा सांगत होती, डावीकडे वळा, डावीकडे वळा. आई पाठ करून बसली होती. तिच्या मागे त्यांची ती भिंत. मला कमानीवर, दादावर, त्या बाईवर, उन्हावर, सगळ्यांवर राग येत होता आणि त्यातला कोणताच राग आईला धोंड्यावरून उठवू शकत नव्हता.

मग वळणावर वहिनी दिसली. पदर खोचलेला, ओच्यात वालाच्या शेंगा, कोपरापर्यंत माती. ती धावत होती. तिला दादाने सांगितलं की ती आपणच निघाली होती, मी विचारलं नाही. ती आईसमोर येऊन थांबली, दम लागल्यामुळे बोलता येईना. दोघीही धापा टाकत एकमेकींकडे बघत राहिल्या.

"उशीर केलास," आई म्हणाली.

"हो, आत्याबाई."

आईने हातातली पिशवी पुढे केली. वहिनीने ती घेतली आणि दुसरा हात दिला. आई उठली.

गाडीत वहिनी पुढे, माझ्या शेजारी बसली. पिशवी मांडीवर, शेंगा पायाशी सांडलेल्या. मोबाइल बोलायला लागला तशी ती म्हणाली, "ताई, ते बंद करा. मी सांगते."

मी बंद केला. ती सांगत गेली. आता डावीकडं. इथं मोरी हाय, सावकाश. आता वडापाशी वळन. ज्या रस्त्यावरून मी शाळेत गेले, लग्न होऊन गेले, त्या रस्त्यावर वहिनी मला वाट दाखवत होती. मागे आई डोळे मिटून बसली होती. मी एकदाही, माहीत आहे मला, असं म्हटलं नाही.